ऑनलाइन छळ आणि शाळा: शिक्षकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाचवी ते बारावीला शिकवणारे शिक्षक, मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य यांच्यासाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. कायद्याचे संदर्भ भारतातले आहेत आणि शाळेचे तपशील महाराष्ट्रातले.

मुलं एकमेकांना चिडवणारच. मग छळ नेमका कधी म्हणायचा?

नॉर्वेतले संशोधक डॅन ओल्वेयस यांनी शाळेतल्या छळाच्या तीन खुणा सांगितल्या: दुखावण्याचा हेतू, पुन्हा पुन्हा घडणं आणि दोन बाजूंच्या ताकदीतला फरक. जगभर आजही हीच व्याख्या वापरतात. फोनवर मात्र दुसरी आणि तिसरी खूण वेगळी दिसते. एका मुलाने एकदाच फोटो टाकला, पण तो चाळीस जणांनी पुढे पाठवला, तर ज्याचा फोटो आहे त्याच्यासाठी ती गोष्ट चाळीस वेळा घडलेली असते. ताकद म्हणजे अंगातला जोर असंही इथे नसतं. कुणाचा तरी खासगी स्क्रीनशॉट हातात असणं किंवा खोट्या नावाआड लपता येणं हीसुद्धा ताकदच असते.

त्यामुळे ‘एकदाच झालंय, सोडून दे’ हे उत्तर इथे चालत नाही. मस्करी होती की छळ, हे ओळखायचं असेल तर ज्याची मस्करी झाली तोही हसत होता का आणि त्याने ‘बास’ म्हटल्यावर ते थांबलं का, एवढं विचारा.

आमच्या शाळेत असं काही नाही. हे शहरातल्या इंग्रजी शाळांमधलं आहे ना?

नाही. कोविडमध्ये वर्गाचे व्हॉट्सअॅप ग्रुप गावोगावी झाले आणि शाळा उघडल्यावरही ते राहिले. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुलाकडे स्वतःचा फोन नसेल, पण बाबांचा किंवा दादाचा संध्याकाळी हातात येतो.

प्रकार अनेक आहेत. वर्गात झोपलेल्या मुलाचा फोटो काढून त्याचा स्टिकर होतो आणि वर्षभर फिरतो. इन्स्टाग्रामवर शाळेच्या नावाने ‘कन्फेशन’ पेज निघतं आणि त्यावर मुलींबद्दल वाट्टेल ते छापलं जातं. वर्गाचा ग्रुप असतानाच एकीला वगळून दुसरा ग्रुप निघतो आणि सकाळी सगळ्या त्यातल्या गोष्टींवर हसत असतात. एखाद्याची अहिराणी किंवा वऱ्हाडी बोली रेकॉर्ड करून तिची टिंगल करणारी रील होते. गेम खेळताना व्हॉइस चॅटवर शिव्या चालतात, आणि जातीवरूनही चालतात. अलीकडे चेहरा एकीचा आणि शरीर दुसऱ्याच कुणाचं असलेले फोटो फोनवरच्या अॅपने काही मिनिटांत तयार होतात.

लहान गावात आणखी एक प्रकार चालतो, आणि तो मला सर्वांत घातक वाटतो. मुलीचा एखाद्या मुलाशी बोलतानाचा साधा फोटो तिच्या भावाला किंवा काकाला पाठवण्याची धमकी. फोटोत आक्षेपार्ह काहीच नसतं. पण तो घरी पोचला तर शाळा बंद होईल आणि कदाचित लग्नाचं बोलणं सुरू होईल, हे तिला माहीत असतं आणि धमकी देणाऱ्यालाही. तिने शिक्षकांना सांगितलं आणि शिक्षकांनी लगेच ‘आधी घरी सांगू’ म्हटलं, तर तिला ज्याची भीती होती तेच आपल्या हातून घडतं. अशा वेळी घरी काय सांगायचं, कुणाला सांगायचं आणि आईशी आधी बोलायचं का, हे तिला विचारून ठरवा. (लैंगिक स्वरूपाचा गुन्हा असेल तर पोलिसांना कळवणं टाळता येत नाही, ते पुढे येईलच.)

मूल सांगायला आलं तर पहिल्यांदा काय करायचं?

ऐकायचं. या पानावरचं एकच उत्तर वाचायचं असेल तर हे वाचा.

मुलं शिक्षकांना का सांगत नाहीत? त्यांना पुढचं सगळं पाठ असतं. ‘तू त्या अॅपवर गेलीसच कशाला?’ हा पहिला प्रश्न, फोन काढून घेणं ही दुसरी पायरी, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात सगळ्यांना कळणं ही तिसरी. म्हणजे छळ झाला त्याचीच मैत्री, अभ्यासाचे व्हिडिओ, गाणी, सगळं बंद होतं आणि छळणाऱ्याचा फोन खिशात राहतो. हे एकदा एका मुलाच्या बाबतीत घडलं की अख्खा वर्ग ते लक्षात ठेवतो आणि पुढची दोन-तीन वर्षं कुणी तोंड उघडत नाही. शाळेत छळ आहे की नाही हे आपल्याला कळणार की नाही, ते अशा पहिल्या भेटीत ठरतं.

म्हणून स्टाफरूममध्ये नको, कोपऱ्यातल्या मोकळ्या वर्गात बसा. दार उघडं असू द्या, पण आवाज बाहेर जाणार नाही एवढं अंतर ठेवा. ‘सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी चूक नाही’ हे वाक्य चौकशीच्या आधी यायला हवं. ‘मी कुणालाच सांगणार नाही’ असं वचन मात्र देऊ नका, कारण ते पाळता येईलच असं नाही. त्याऐवजी म्हणा, ‘ज्यांना सांगणं गरजेचं आहे तेवढ्यांनाच सांगेन, आणि सांगण्याआधी तुला कळवेन.’ मग विचारा: आत्ता तुला सर्वांत जास्त भीती कशाची वाटते? उद्या शाळेत यायला काय झालं तर सोपं जाईल? पुष्कळदा उत्तर ‘त्याला शिक्षा करा’ असं नसतं. ‘तो फोटो निघायला हवा’ किंवा ‘बाक बदलून द्या’ एवढंच असतं.

बोलताना मूल मरण्याविषयी किंवा स्वतःला इजा करण्याविषयी काही म्हणालं, आडून म्हणालं तरी, त्याला एकटं सोडू नका. सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. त्याच दिवशी पालक आणि तज्ज्ञ यांच्यापर्यंत पोचा.

मूल सांगतच नसेल तर ओळखायचं कसं?

खात्रीची खूण कोणतीच नाही. फोन वाजला की दचकणं, नेहमीची जागा किंवा नेहमीची गँग अचानक सुटणं, सोमवारी पोटात दुखणं, मधल्या सुट्टीत वाचनालयात बसून राहणं, सहामाहीत गुण एकदम घसरणं यांपैकी दोन-तीन गोष्टी एकदम दिसल्या तर चौकशी करा. ‘तुला कुणी त्रास देतंय का?’ यापेक्षा ‘हल्ली ग्रुपवर वातावरण कसं आहे?’ या प्रश्नाला मुलं जास्त उत्तर देतात.

पुरावा कसा जपायचा?

भीतीने किंवा रागाने मूल आधी सगळं डिलीट करतं, त्यामुळे हे लवकर सांगावं लागतं. मजकुराचे स्क्रीनशॉट घ्या. त्यात पाठवणाऱ्याचं नाव किंवा नंबर, तारीख आणि वेळ दिसू द्या. इन्स्टाग्रामवर दिसणारं नाव बदलता येतं, म्हणून प्रोफाइलची लिंकही कॉपी करून ठेवा. व्हॉट्सअॅपमध्ये अख्खं संभाषण एक्स्पोर्ट करता येतं. मेसेज आपोआप नाहीसे होण्याची सोय चालू असेल तर हे सगळं त्याच दिवशी करा. आधी जतन, मग रिपोर्ट, मग ब्लॉक, असा क्रम ठेवा. ज्या फोनवर मेसेज आला तो फोन जपा, रीसेट करू नका. प्रकरण न्यायालयात गेलं तर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, आणि मूळ फोन हाताशी असेल तर ते काम सोपं होतं.

सोबत एका वहीत नोंद ठेवा: कुणी, कधी, काय सांगितलं, शाळेने काय केलं. मुलाचे शब्द त्याच्याच भाषेत लिहा, आपल्या शब्दांत सुधारून लिहू नका.

फोटो किंवा व्हिडिओ नग्न वा अश्लील असेल तर?

इथे वरचा नियम उलटतो. असा फोटो स्क्रीनशॉट करू नका, स्वतःच्या फोनवर घेऊ नका, मुख्याध्यापकांना ‘बघा जरा’ म्हणून पाठवू नका. अठरा वर्षांखालील मुलाचं असं चित्र पाठवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ब खाली गुन्हा आहे. पहिल्या दोषसिद्धीला पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी सामग्री पाहणं आणि जवळ ठेवणं याबाबतही कायदा किती कडक आहे हे स्पष्ट केलं. हेतू चांगला असलेला शिक्षकसुद्धा यात अडकू शकतो. खात्याचं नाव, लिंक, दिवस आणि वेळ कागदावर लिहा. फोन बंद करून सुरक्षित ठेवा आणि पोलिसांना कळवा.

कळवणं ऐच्छिक नाही. पॉक्सो कायद्याच्या, म्हणजे बालकांचं लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या कायद्याच्या, कलम १९ नुसार असा गुन्हा घडल्याची माहिती असलेल्या प्रत्येकाने विशेष बाल पोलिस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवायलाच हवं. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर कैद एक वर्षापर्यंत जाते. ‘आधी शाळेची समिती चौकशी करेल, तथ्य आढळलं तर बघू’ असं या कायद्यात कुठेही नाही. सद्भावनेने माहिती देणाऱ्यावर कारवाई होत नाही, हेही त्याच कलमात आहे. हा कायदा मुलगे आणि मुली दोघांनाही लागू आहे. मुलग्यांचे असे फोटो फिरतात तेव्हा शाळा हसण्यावारी नेतात, हे थांबायला हवं. खोटा, बनवलेला फोटो वापरून धमकावणंही कलम ११ मध्ये येतं.

जबाबासाठी मुलाला ठाण्यात बसवण्याची गरज नाही. कायद्यानुसार जबाब घरी किंवा मुलाला हव्या त्या ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा असतो. हे पालकांना आधीच सांगितलं की त्यांचा अर्धा विरोध गळून पडतो.

फोटो काढून टाकण्यासाठी दोन मार्ग एकदम धरा. पहिला, त्या अॅपकडे तक्रार. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी नग्नता असलेल्या किंवा बनावट केलेल्या फोटोंवर तक्रार आल्यापासून २४ तासांत कारवाईची मर्यादा घातली होती, ती २०२६ च्या दुरुस्तीने दोन तासांवर आणली. दुसरा, ‘टेक इट डाउन’ ही अमेरिकेतल्या हरवलेल्या व शोषित मुलांसाठीच्या राष्ट्रीय केंद्राची मोफत सेवा. फोटो काढला तेव्हा अठरा वर्षांखालील असलेल्या कुणालाही ती वापरता येते. फोटो अपलोड करावा लागत नाही, फोनवरच त्याची एक डिजिटल खूण तयार होते, आणि सहभागी कंपन्या त्या खुणेवरून फोटो शोधून हटवतात. मात्र ही खूण मूल किंवा पालक यांनी त्यांच्याच फोनवर करायची, शिक्षकांनी नाही, आणि फोन पोलिसांकडे जाणार असेल तर त्यांना विचारून.

शिक्षक मुलाचा फोन तपासू शकतात का?

शाळेचा नियम असेल तर फोन ताब्यात घेता येतो. पण पासवर्ड मागून गॅलरी आणि चॅट चाळणं टाळा. त्यात मुलाचं खासगी आयुष्य असतं, घरातल्या इतरांचं असतं, आणि वर सांगितलेला फोटो समोर आला तर आपणच अडचणीत येतो. मुलाला स्वतःला हवं ते दाखवू द्या. गंभीर काही असल्याचा संशय असेल तर तपास पोलिसांचा, शाळेचा नाही.

सायबरबुलिंगसाठी वेगळा कायदा आहे का?

नाही. ‘६६अ खाली तक्रार करा’ असं अजूनही ऐकू येतं, पण माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ते कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केलं. त्यामागची घटना आपल्याकडचीच, पालघरची. २०१२ मध्ये फेसबुकवरच्या एका साध्या मतासाठी दोन तरुणींना अटक झाली होती.

आज वेगवेगळी कलमं लागतात. त्याच कायद्यात दुसऱ्याची ओळख चोरून वापरणं हे ६६क, खासगी अवयवांचं संमतीशिवाय चित्रण वा प्रसारण हे ६६इ. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत स्त्रीचा पाठलाग, ऑनलाइनसुद्धा, कलम ७८ मध्ये आहे, धमकी ३५१ मध्ये आणि बदनामी ३५६ मध्ये. जातिवाचक अपमान असेल तर १९८९ चा अॅट्रॉसिटी कायदा आहे, आणि अशी तक्रार ‘मुलांचं भांडण’ म्हणून मिटवण्याचा अधिकार शाळेला नाही. पण बहुतेक घटना, म्हणजे वगळणं, टोपणनावं, स्टिकर, पोलिसांच्या नसतात. त्या शाळेनेच सोडवायच्या असतात.

पोलिसांत दिलं तर छळणाऱ्या मुलाचं आयुष्य बरबाद होईल ना?

या भीतीपोटी अनेक शाळा गप्प बसतात. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी २०१५ चा बाल न्याय कायदा आहे आणि त्याची दिशा सुधारणेची आहे. गुन्हा कायद्यातल्या ‘निर्घृण’, म्हणजे सर्वांत गंभीर, वर्गातला नसेल आणि त्यात प्रौढ सामील नसेल, तर सर्वसाधारणपणे एफआयआर होत नाही. पोलिस स्टेशन डायरीत नोंद होते आणि माहिती बाल न्याय मंडळाकडे जाते. मुलाची ओळख उघड करायला बंदी आहे. ही बंदी आपल्यालाही लागू आहे: ना स्टाफच्या ग्रुपवर नाव, ना पत्रकाराला ‘ऑफ द रेकॉर्ड’.

हे रात्री अकराला, घरून, घरच्या फोनवर झालं. शाळेचा काय संबंध?

पाठवणारा आणि ज्याला आलं तो, दोघं सकाळी एकाच वर्गात बसतात, म्हणून संबंध. शाळेला घरच्या फोनवर हुकूम चालवता येणार नाही, पण वर्गात मूल सुरक्षित आहे का हे पाहणं शाळेचंच काम आहे.

छळणाऱ्या मुलाचं काय करायचं? दोघांना समोरासमोर बसवून मिटवावं का?

लगेच समोरासमोर नको. ज्याने त्रास सोसला त्याला सगळ्यांसमोर ‘माफ केलं’ म्हणायला भाग पाडणं हा त्याच छळाचा पुढचा भाग होतो. परिपाठात नाव घेऊन सुनावणं, कान धरून उभं करणं, फोटो फळ्यावर लावणं हेही नको. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी घातली आहे. शिवाय ज्याला असं लाजवलं तो मुलगा त्याच रात्री नव्या अकाउंटवरून सूड उगवतो. त्याच कायद्याखाली येणाऱ्या शाळेला आठवीपर्यंत कुणाला काढूनही टाकता येत नाही.

त्याच्याशी वेगळं बोला. काय केलं ते स्पष्ट शब्दांत सांगा, ‘गंमत होती’ हे उत्तर स्वीकारू नका, पण ‘तू वाईट मुलगा आहेस’ असंही म्हणू नका. पोस्ट काढणं, ग्रुपमध्ये ‘ते खोटं होतं’ असं लिहिणं, स्टिकर पुढे पाठवणाऱ्यांना तो थांबवायला सांगणं, ही भरपाई त्याच्याकडून करून घ्या. पालकांना बोलवा. बरेचदा असं मूल स्वतः दुसऱ्या कुठल्या तरी ग्रुपमध्ये छळ सोसत असतं. तेही विचारा, मात्र केलेल्या गोष्टीची सबब म्हणून नाही.

आठवड्याने, महिन्याने आणि दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर ज्याचा छळ झाला त्याला पुन्हा विचारा. शाळा इथेच कमी पडतात. माफीनामा फाइलला लागला की प्रकरण संपल्यासारखं होतं, आणि ग्रुप मात्र चालूच असतो.

बाकीच्या वर्गाने काय करायचं?

छळणाऱ्यापेक्षा बघणारे मला जास्त महत्त्वाचे वाटतात. फिनलंडमध्ये तुर्कू विद्यापीठात तयार झालेला ‘किवा’ हा शालेय कार्यक्रम याच विचारावर उभा आहे: छळ प्रेक्षकांमुळे टिकतो, म्हणून काम प्रेक्षकांवर करायचं. आपल्या मुलांना ‘उभं राहून विरोध करा’ म्हणणं फार मोठी मागणी आहे. त्यांना झेपेल असं शिकवा: हसण्याचा इमोजी न टाकणं, पुढे न पाठवणं, आणि ज्याच्यावर आलंय त्याला वेगळा मेसेज करणं, ‘पाहिलं, बरोबर नाही वाटलं.’ रात्री एक वाजता आलेला असा एक मेसेज आमच्या सगळ्या समुपदेशनाहून जास्त काम करतो. याचा सराव तासाला करून घ्या, नाट्यरूपाने केला तर उत्तम. नुसत्या पोस्टर स्पर्धेने काही होत नाही.

पालक एकमेकांवर तुटून पडतात. त्यांना कसं आवरायचं?

दोन्ही घरांना वेगवेगळ्या वेळी बोलवा. वर्गाच्या पालक ग्रुपवर चर्चा होऊ देऊ नका. ‘या विषयावर शाळा संबंधित पालकांशी बोलत आहे’ एवढं टाका आणि काही काळ फक्त अॅडमिनला लिहिता येईल असं करा. ज्याचा छळ झाला त्याच्या पालकांना ठामपणे सांगा: फोन काढून घेऊ नका, शाळा बंद करू नका, विशेषतः मुलीची. दुसऱ्या घरी जाऊन जाब विचारण्याने पुरावा नष्ट होतो आणि भांडण गावाचं होतं.

शाळेचे स्वतःचे ग्रुप कसे असावेत?

फी न भरलेल्यांची नावं, चाचणीचे गुण, उशिरा आलेल्यांचा रांगेतला फोटो, गृहपाठ न केलेल्याच्या वहीचं पान. हे ग्रुपवर टाकणारे आपणच असतो. चारचौघांत लाज काढणं चालतं, हा धडा मुलं तिथून घेतात. आधी हे बंद व्हायला हवं. मुलांचे फोटो पालकांच्या संमतीनेच टाका, नावासह तर नकोच. मुलींचे नंबर असलेली यादी तर कुठेच फिरू देऊ नका.

लेखी धोरण हवंच का?

हवं, पण एका पानाचं, मराठीत, सहावीच्या मुलाला कळेल असं. तक्रार कुणाकडे करायची (एक शिक्षक आणि एक शिक्षिका, नावानिशी), किती दिवसांत उत्तर मिळेल, आणि तक्रार करणाऱ्याचा फोन जप्त होणार नाही ही हमी, एवढं त्यात असावं. २०२२ च्या शासन निर्णयाने शाळांमध्ये विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती नेमायला सांगितलं आहे. ती कागदावर असेल तर हेच काम तिला द्या. तक्रारपेटी उघडताना एकाहून जास्त माणसं हजर असावीत.

शिक्षकाच्याच नावाने खोटं अकाउंट निघालं तर?

तेच नियम: जतन, रिपोर्ट, मुख्याध्यापकांना लेखी माहिती, गरज पडल्यास पोलिस. वर्गात जाऊन ‘कोण आहे ते मला माहीत आहे’ असं सुनावू नका. व्यवस्थापनाने हा त्या शिक्षिकेचा खासगी प्रश्न समजू नये.

कुठे फोन करायचा?

मुलांसाठीची मदतवाहिनी १०९८, तातडीच्या पोलिस मदतीसाठी ११२. ऑनलाइन तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर, पत्ता सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन. तिथे महिला आणि मुलांविरुद्धच्या लैंगिक सामग्रीची तक्रार नाव न देताही करता येते. १९३० हा नंबर मुख्यतः पैशांच्या फसवणुकीसाठी आहे. फोटोच्या बदल्यात कुणी पैसे उकळत असेल आणि पैसे गेले असतील, तर तिथे लगेच फोन करा. मानसिक आधारासाठी ‘टेली मानस’चा १४४१६ दिवसरात्र चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं. हे नंबर मुलांच्या स्वच्छतागृहाच्या दाराच्या आतल्या बाजूला लावा. मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर उभं राहून कुणी ते लिहून घेत नाही.